एका धोतरावर चार फिल्टर

आमच्या मूर्तिजापूरच्या घरात जिन्याच्या भिंतीवर एक मोठी तसबीर आहे. पाहुण्यांना ते गुलाबाचं फूल वाटतं. आहे तो रोझेट तेजोमेघ, काक्षी आणि प्रश्वा या ताऱ्यांच्या मधल्या आभाळातला, सुमारे 5,000 प्रकाशवर्षं दूरचा. तसबीर चुकलेली आहे. फ्रेमचे पैसे देऊन झाले होते, म्हणून ती भिंतीवर राहिली.

माझा कॅमेरा कृष्णधवल. हबलने 1995 मध्ये टिपलेले गरुड तेजोमेघातले ते प्रसिद्ध खांबही मुळात कृष्णधवलच. गंधक, हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या प्रकाशाचे वेगवेगळे फोटो घेऊन त्यांना तांबडा, हिरवा, निळा रंग दिलेला. हे वाचल्यापासून मला चैन नव्हतं. जानेवारीच्या सात रात्री मी गच्चीवर काढल्या. तांबडा, हिरवा, निळा आणि चौथा हायड्रोजनचा, 656.3 नॅनोमीटरच्या आसपासचाच प्रकाश आत सोडणारा, असे चार फिल्टर. प्रत्येक फिल्टरच्या फ्रेमा एकावर एक रचून चार स्टॅक करायचे आणि शेवटी त्यांची एक रंगीत जोड. हायड्रोजनचा स्टॅक तांबड्यात मिसळायचा.

आधी फ्लॅट घ्यावे लागतात. पुण्यातले नव्हेत. दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं कापड ताणून पहाटेच्या उजेडात घेतलेले कोरे फोटो. काचेवरच्या धुळीच्या सावल्या त्यात उमटतात; मूळ फोटोला त्यांनी भागलं की सावल्या जातात. धूळ ज्या फिल्टरवरची, फ्लॅटही त्याच फिल्टरचा हवा.

हे मला माहीत होतं. पण हायड्रोजनच्या फिल्टरमधून उजेड इतका थोडा येतो, की त्याच्या एकेका फ्लॅटला वेळ लागतो. आणि मला अकोल्याची सकाळची गाडी गाठायची होती. फिल्टरच्या चाकात पाचवा, साधा पारदर्शक फिल्टर होता. वडिलांचं जुनं धोतर ताणलं, पारदर्शक फिल्टरचे फ्लॅट पाच मिनिटांत उरकले आणि तेच चौघांना लावले.

जिनिंगचा हंगाम होता. ज्या कापसापायी इथून यवतमाळला शकुंतला रेल्वे धावली, त्याच कापसाची तुसं हवेत होती. चारही स्टॅकमध्ये पुसटसे डाग दिसले, तेव्हा मी खूश झालो. या तेजोमेघात खरोखरच धुळीचे काळे ठिपके आहेत. धूळ ओळखण्यात माझी चूक नव्हती. फक्त अंतर चुकलं. 5,000 प्रकाशवर्षं नव्हे, कॅमेऱ्यापासून दोन बोटं.

जोड केली, छापली, फ्रेम केली. जोड झाल्यावर कच्चा माल कशाला, म्हणून चारही स्टॅक आणि साऱ्या मूळ फ्रेमा पुसून टाकल्या. भाचीच्या लग्नाच्या व्हिडिओला जागा हवी होती. फिल्टरही फुंकून, पुसून लख्ख केले.

आठवड्याने शेजारचा सहावीतला मुलगा जिन्यात थबकला. ‘‘काकाजी, आभायात वडे काऊन तरंगून राह्यले?’’

चष्मा लावून पाहिलं. मेदूवडेच. तांबड्या फिल्टरवरच्या धुळीने तिथला तांबडा प्रकाश खाल्ला, म्हणून तिथे निळा-हिरवा वडा. निळ्यावरच्या धुळीने पिवळा, हिरव्यावरच्या धुळीने जांभळट. आणि पारदर्शक फिल्टरची धूळ, जी या फोटोंत नव्हतीच, तिच्या सावलीने मी चौघांनाही भागलं होतं. तिचे वडे पांढरे, सगळ्यांत ठसठशीत.

स्टॅक वेगळे असते, तर एकेकाचे डाग काढता आले असते. फिल्टर मळलेले असते, तर फ्लॅट पुन्हा घेता आले असते. स्वच्छतेची हौस मला आयुष्यात एकदाच आली, ती तेव्हा. सात रात्री गेल्या. लग्नाचा व्हिडिओ आजवर कोणी पाहिलेला नाही.

त्यानंतर धोतर पहाटे चार वेळा ताणलं जातं. मी सकाळच्या गाडीला नसलो, की रोजचे सोबती समजतात, काल आभाळ निरभ्र होतं.