ओहळ कुठवर चालला

मृगाची पहिली सर शहापूरच्या माळावर उतरते तेव्हा माती ती लगेच पीत नाही. उन्हाळाभर भाजलेल्या, वणव्याची राख अंगावर वागवणाऱ्या जमिनीवर थेंब पडतो, धुळीत लोळतो, धुळीचंच कवच पांघरून उतारावरून दोन बोटं पुढे घरंगळतो आणि मग कुठे फुटतो. तहानलेली जमीन पाणी घटाघटा पिते असं आपण म्हणतो. पण फार तहानलेली जमीन पाण्याला आधी परकंच मानते. तिला थोडी ओल लागते, मगच ती पुढची ओल आत ओढून घेते. म्हणून वळवाच्या एखाद-दोन सरींचं मोल मोठं. त्यांनी विहीर भरत नाही, ओहळ वाहत नाही. त्या फक्त मातीचं तोंड उघडून ठेवतात.

ही बातमी रानभाज्या देतात. शेवळं सगळ्यांच्या आधी येतात. कंदातल्या साठ्यावर त्यांनी उन्हाळा काढलेला असतो, त्यांना ओलीची नुसती चाहूल पुरते. मुरबाडच्या बाजारात शेवळांच्या जुड्या आणि शेजारी काकडांचे वाटे मांडले गेले, की रानातली वरची माती भिजली असं समजावं. फोडशी त्यानंतर, गवताळ उतारावर, ओल जरा खाली गेल्यावर. टाकळा मात्र उघड्या, तुडवलेल्या जागी माजतो. ज्या माळावर टाकळ्याशिवाय दुसरं काही हिरवं दिसत नाही, तिथली माती दबलेली असते आणि तिथलं पाणी मुरण्याऐवजी पळायच्या बेतात असतं. मला तरी तसंच दिसत आलं आहे.

या भागाला पाऊस कधीच कमी नव्हता. समुद्रावरून आलेले ढग माळशेज, नाणेघाट, आहुपे, कसारा अशा सलग कड्यांना अडतात आणि रिते होतात. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत वर्षाला साधारण २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो, कड्याच्या पायथ्याला त्याहून जास्त. आकडा कोरडा वाटतो म्हणून गुंठ्याचा हिशेब करून पाहावा. एका गुंठ्यावर अडीच लाख लिटर. म्हणजे १०,००० लिटरचे २५ टँकर, एवढ्याशा तुकड्यावर, चार महिन्यांत, आभाळातून. आणि इथल्याच एखाद्या पाड्यावर फेब्रुवारी-मार्चात खरोखरचा टँकर येतो, कोरड्या विहिरीत पाणी ओततो आणि बायका चारी बाजूंनी पोहरे सोडतात.

असं का, याचं सगळ्यांच्या ओठावरचं उत्तर मुंबई हे आहे, आणि ते खोटं नाही. तानसा धरण १८९२ सालचं. मोडकसागर १९५७ सालचं. त्यानंतर भातसा, आणि २०१४ साली मध्य वैतरणा. मुंबईच्या सातही तलावांचा उपयुक्त साठा १४,४७,३६३ दशलक्ष लिटर धरतात, त्यातले ७,१७,०३७ एकट्या भातशाचे. शहापूर तालुक्यातल्या साजिवलीच्या त्या भिंतीमागे जवळजवळ अर्ध्या महानगराचं पिणं साठलेलं असतं. तिथून ते नदीच्याच पात्राने पिसे इथल्या बंधाऱ्यापर्यंत जातं आणि पुढे शहराकडे उचललं जातं. ज्यांची शेतं बुडाली आणि ज्यांच्या दारावरून हे पाणी रोज जातं, त्यांचा राग रास्त आहे. पाण्यावर पहिला हक्क त्यांचा असायला हवा होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तरी या उत्तराने सगळं उलगडत नाही. धरण दरीत असतं, पाडे वर सोंडांवर असतात. पाणी एकदा दरीत उतरलं की ते वर न्यायला पंप लागतो, पंपाला वीज लागते, विजेला बिल लागतं. शहापूरच्या गावांसाठी इगतपुरीकडच्या भावली धरणाचं पाणी गुरुत्वाने आणण्याची योजना आखली गेली तीही याच कारणाने. भावली घाटमाथ्यावर आहे, तिथलं पाणी आपसूक उतरू शकतं. पायथ्याशी एवढं थोरलं धरण असताना घाटावरचं पाणी मागावं लागतं, इतका उंचीचा नियम कठोर आहे. वर राहणाऱ्या माणसाला उपयोगी पडतं ते वरच थांबलेलं पाणी. म्हणून मला धरणाच्या दरवाजांइतकीच, खरं तर त्याहून जास्त, उताराची काळजी वाटते.

हा उतार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहून थिजलेल्या लाव्ह्याचा. थरावर थर. काळ्या घट्ट बसाल्टमध्ये भेगांखेरीज पाण्याला वाट नाही. मध्येच बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला थर येतो, कुठे दोन थरांच्या सांध्यात गेरूच्या रंगाचा पातळ पट्टा. पाणी भेगेतून उतरतं, घट्ट थरावर टेकतं, मग आडवं सरकत सरकत डोंगराच्या अंगावर कुठेतरी बाहेर पडतं. सह्याद्रीतले कितीतरी झरे असे सांध्यावरचे. पण या खडकाच्या पोटात जागा थोडी. खरी साठवण खडकावरच्या मुरमात आणि मुरमावरच्या हातभर मातीत. चांगल्या रानमातीत निम्मी जागा पोकळी असते. तीस सेंटिमीटर जाडीच्या अशा थरात दर चौरस मीटरला दीडशे लिटरची जागा झाली. ती एका पावसात भरते, खाली मुरमात झिरपून रिकामी होते, पुन्हा भरते. हे भरणं आणि झिरपणं चार महिने चालू राहिलं की मुरूम तुडुंब होतो, आणि मग पाऊस थांबल्यावरही ओहळ थांबत नाही.

ही पोकळी करतं कोण? मेलेली मुळं आपल्यामागे नळ्या सोडून जातात. गांडुळं, मुंग्या, वाळवी आपापले बोगदे काढतात. आणि मुठे, म्हणजे खेकडे. पावसाळ्यात पोरं ज्यांच्या बिळात कोपरापर्यंत हात घालतात ते मुठे खाचराच्या बांधाला भोकं पाडतात म्हणून शेतकरी वैतागतो, पण माळावर तेच बीळ वरचं पाणी थेट मुरमाशी पोचवतं. या सगळ्यांना खायला लागतं ते पाचोळ्यातून. पाचोळा गेला की धनी गेला. पाठोपाठ सगळे निघून जातात, बिळं ढासळतात, थेंबांच्या माराने मातीचे कण सुटून छिद्रांत बसतात आणि वर पापुद्रा धरतो. बाहेरून पाहणाऱ्याला माती तीच दिसते.

रॉबर्ट हॉर्टन या अमेरिकन जलशास्त्रज्ञाने १९३३ साली मांडलं, की पाऊस मातीच्या मुरण्याच्या वेगापेक्षा जोरात आला की उरलेलं पाणी पृष्ठभागावरून धावतं. पुढे जॉन ह्यूलेट आणि इतरांनी रानातले ओढे पाहिले तेव्हा लक्षात आलं, की धड रानात असं धावणं क्वचितच घडतं. तिथे पाणी मातीच्या आतून खाली सरकतं, ओढ्याकाठचा खोलगट भाग आधी भरतो आणि मग तो भाग वाहू लागतो. दोन्ही तऱ्हा मुरबाडात एकाच डोंगराच्या दोन बाजूंना दिसतात. उघड्या बाजूचा ओहळ पहिल्या दांडग्या सरीलाच तांबडा होऊन दगड गडगडवत येतो आणि सर ओसरली की तासाभरात गुडघ्याखाली उतरतो. रानातला ओहळ तरण्या पावसातही बेताचाच असतो. पुनर्वसू सरून पुष्याचा म्हातारा पाऊस दिवसरात्र लागून राहिला, मातीची सगळी जागा भरली, की मग तोही दुथडी होतो, पण पाणी बऱ्यापैकी नितळ राहतं. रान पूर अडवतं, असं मात्र मी म्हणणार नाही. जमीन तुडुंब झाल्यावर २६ जुलै २००५ सारखा पाऊस आला तर कुठलंच रान पुरं पडत नाही. रानाने काय केलं ते पुराच्या दिवशी कळत नाही, जानेवारीत कळतं.

रान म्हणताना नुसती झाडं डोळ्यांपुढे आणली तर फसगत होते. सागाचंच पाहा. ढगातून येणारा थेंब बहुधा दोन-तीन मिलिमीटरचा. सागाच्या सुपाएवढ्या पानावर असे कितीतरी थेंब एकत्र होतात आणि पाच-सहा मिलिमीटरचा एक होऊन टोकाशी सुटतात. दहा-बारा मीटरवरून पडताना तो सेकंदाला आठ मीटरच्या आसपास वेग घेतो. खाली पाचोळा आणि झुडपं असतील तर बिघडत काही नाही. ती वणव्यात गेली असतील तर सागाखालची माती उघड्या माळापेक्षाही जास्त उखडू शकते. सागाच्या लागवडींमध्ये ठिकठिकाणी हे दिसून आलं आहे. मुळं बोटभर वर आलेली, बुंध्याभोवतीची माती धुपलेली अशी सागवनं मी शहापूरकडे पाहिली आहेत. वरून ती हिरवीगार दिसतात.

म्हणून मजल्यांचं रान हवं. वर ऐन, हेद, कळंब. मध्ये कुडा, करवंदीच्या जाळ्या, बांबूची बेटं. खाली गवत आणि गवताखाली दरवर्षी साचत, कुजत जाणारा पाचोळा. घाटाच्या उतारावर हे काम कारवी एकटी करते. सात वर्षांनी एकदा फुलणारी ही झुडपं इतकी दाट लागतात, की त्यांच्याखाली थेंबाला मारायला उघडी जमीनच सापडत नाही. झाडं पाणी पितातही, हे विसरून चालत नाही. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात २००३ ते २००५ या काळात संशोधकांनी नैसर्गिक रान, वापराने झिजलेलं रान आणि ऑस्ट्रेलियन बाभळीची लागवड अशा वेगवेगळ्या छोट्या पाणलोटांतले ओहळ मोजले. नैसर्गिक रानाखाली पाणी अधिक खोल आणि दीर्घकाळ मुरत होतं. झाडाने मुरायला किती मदत केली आणि त्यातलं पिऊन किती टाकलं, या वजाबाकीवर उन्हाळ्यातला झरा ठरतो. झिजलेल्या जमिनीवर भराभर वाढणारी झाडं रांगेत लावली तर पिणं आधी सुरू होतं. मुरणं सुधारायला मात्र बराच काळ जावा लागतो.

दोष कुणाचा, हे विचारलं की बोट लगेच राबाकडे जातं. भाताच्या रोपांसाठी ऐनाची टहाळ तोडून वाफ्यावर भाजतात, त्याने रान गेलं म्हणतात. मला हे पटत नाही. टहाळ तोडलेला ऐन मरत नाही, पुन्हा फुटतो, त्याची मुळं जमिनीत शाबूत असतात. ठाण्याच्या या रानांनी मुंबईला पिढ्यान् पिढ्या लाकूडफाटा आणि कोळसा पुरवला, त्याचा हिशेब राबाच्या खात्यावर कसा मांडायचा? खरी हानी वणव्याची. मोहाची फुलं वेचायला जागा साफ हवी म्हणून, शिकारीसाठी, कधी नुसत्या विडीच्या थोटकाने लागलेली आग झाडाला सहसा मारत नाही, पण वर्षभराचा पाचोळा एका रात्रीत नेते. त्याहून वाईट, माझ्या मते, मुरमाची उचल. बंगल्यांच्या प्लॉटांना, रस्त्यांच्या भरावाला टेकड्याच्या टेकड्या कापल्या जातात. झाड पुन्हा लावता येतं, माती शेकडो वर्षांनी का होईना पुन्हा धरते. मुरूम म्हणजे पाण्याची कोठी. ट्रकमध्ये भरून ती कोठीच नेली की तिच्याखालच्या अंगाचा झरा कुठून वाहणार?

खाचरांचं वेगळं. चिखलणीत माती कालवून तळ घट्ट करतात, पाणी मुरू नये हाच तिथे हेतू असतो. खाचर पाणी थोपवतं, त्याचा वेग मोडतं, गाळ धरून ठेवतं. झऱ्याला मात्र वरच्या वरकस उतारावरूनच पाणी यावं लागतं.

उन्हाळा तापला की हे सगळं शास्त्र बायकांच्या हातात येतं. आटलेल्या ओहळात नेमका कुठे डवरा खणायचा, हे त्या काठ पाहून ठरवतात. भर चैत्रात हिरवा राहिलेला उंबर, त्याच्या मुळाशी काळपट ओलसर खडी, जवळ वारूळ. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत भूजलाच्या खुणा सांगणारा अख्खा अध्याय लिहिला. त्यात झाडं आहेत, वारुळंही आहेत. इथल्या कातकरी, ठाकूर बायकांनी तो वाचलेला नाही. त्या वाळू उपसतात, करवंटीने गढूळ पाणी बाहेर टाकतात, थोडं थांबतात, मग नितळ आलेलं हळूहळू हंड्यात भरतात. एका हंड्याला कधी अर्धा तास लागतो. तो अर्धा तास वरच्या उताराची माती ठरवत असते.

दर जुलैत या उतारांवर रोपं लावण्याचे कार्यक्रम होतात. खड्डे खणण्यासाठी गवत साफ करतात, फोटो निघतात, मार्चात आग येते आणि रोपं, गवत, पाचोळा सगळं जातं. त्याच पैशातून जानेवारीत जाळरेषा काढल्या आणि चार महिने राखणदारीला गावातली माणसं ठेवली तर ऐन, कुडा, करवंद आपापले फुटतील. त्यांची मुळं जमिनीत अजून आहेत.

आणि मोजायचं असेल तर रोपं मोजू नयेत. पाड्यांवर पावसाचं वर्ष मिलिमीटरमध्ये कुणाच्या लक्षात राहत नाही. ओहळ कुठवर चालला, ते राहतं: दिवाळीपर्यंत, संक्रांतीपर्यंत, शिमग्यापर्यंत. तालुक्याच्या ठिकाणी पर्जन्यमापक असतो, पण ओहळाची ही तारीख कुठल्याच दप्तरात उतरत नाही. ग्रामसभेने एका वहीत ती लिहायला घ्यावी. दोन ओहळ निवडावेत, एक दरवर्षी जळणाऱ्या उताराखालचा, दुसरा राखलेल्या. शेजारी त्या वर्षीचा पाऊस मांडावा, म्हणजे कमी पावसाचं वर्ष आणि उघडी माती यांची गल्लत होणार नाही. शाळेतली सातवी-आठवीची मुलं हे सहज करतील, त्यांच्या वाटा त्या ओहळांवरूनच जातात. वही दसऱ्याला सुरू करावी. तेव्हा दोन्ही ओहळ अजून वाहते असतात.