दोन राखाडी आणि एक हिरवा

ईदच्या आधी हॉल रंगवायचं ठरलं आणि दोन राखाडी रंगांत आठवडा गेला. शेडकार्डावर बायकोला फरक दिसत होता, मला नाही. दुकानदार म्हणाला, एकात पिवळसर झाक आहे, दुसऱ्यात निळसर. उजेड परत फेकण्याचं माप 0 ते 100 असतं. एकाचं 60, दुसऱ्याचं 58. सख्खे भाऊच म्हणा.

दोन्हींचे नमुने आणून जुन्या भिंतीवरच पट्टे मारले. भिंत हिरवी, अब्बांनी निवडलेली. सकाळी बघतो तर दोन्ही पट्टे गुलाबीसर! दुकानदाराशी भांडायला निघालो, तर रंगाऱ्याने अडवलं. "सर, हिरव्यावर राखाडी असाच दिसतो. पांढऱ्या कार्डशीटवर मारून बघा."

नंतर वाचनात आलं. शेव्रल नावाचा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबेलिन्स कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख होता. काळा रंग फिका दिसतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. खोट काळ्यात नव्हतीच, शेजारच्या धाग्यांमुळे तो तसा दिसत होता. 1839 साली त्याने यावर अख्खं पुस्तक लिहिलं.

मग कार्डशीट घेऊन घरभर फिरलो. आमची खिडकी उत्तरेला, उजेड आकाशाचा, निळसर. त्यात निळ्या झाकेचा राखाडी ओल्या सिमेंटसारखा दिसे. रात्री पिवळ्या बल्बखाली दुसऱ्यावर चहा सांडल्यासारखं वाटे; पांढरी ट्यूब लावली की तो ताळ्यावर येई.

अम्मी तस्बीह फिरवत हे सगळं बघत होती. शेवटी म्हणाली, "हरा क्या बुरा था?"

उत्तर होतं, पण तिला द्यायचं नव्हतं. मागच्या ईदला ऑफिसमधले दोघं शीरखुर्म्याला आले होते. एकाने भिंतीकडे बघितलं आणि हसत म्हणाला, "अपेक्षेप्रमाणे!" मीही हसलो. राखाडीचा विचार तेव्हापासूनचा. त्याच्याच लग्नात नवरीच्या हातातला हिरवा चुडा मी बघितला होता. तेव्हा मला असलं काही सुचलं नव्हतं.

तीन भिंतींना पिवळसर राखाडी घेतला. खिडकीसमोरची हिरवीच ठेवली. माळ्यावरच्या जुन्या डब्याच्या झाकणावर अब्बांच्या शेडचा नंबर सापडला, त्याच रंगाचा नवा हात दिला.

"कोपऱ्याजवळ राखाडी जरा गुलाबी मारेल हं," रंगारी म्हणाला.

मारू दे म्हटलं.