अमृतवेलीत मावशी नाही

जुन्नर

चि. छकुली,

तुझं पत्र पोचलं. दोन पानं ‘ययाति’चं कौतुक आणि अगदी खाली, बारीक अक्षरात, ‘अमृतवेल मला आवडली नाही, माझंच काही चुकतंय का?’ तुझं काही चुकत नाहीये गं. मंचरच्या मैत्रिणी तुला अरसिक म्हणाल्या असतील तर म्हणू देत. वि. स. खांडेकर माझेही लाडके लेखक आहेत, मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ 1974 साली त्यांनीच आणलं. पण लाडक्या माणसानं केलेली भाजी अळणी झाली तर ती अळणीच म्हणायची.

आणि शिधा काय कमी होता का? नंदाचं लग्न ठरलेलं, शेखर विमान अपघातात जातो. पोरगी कोसळते. मग ती विलासपूरला वसुंधरेच्या सोबतीला जाते, आपल्या कॉलेजातल्या मैत्रिणीच्या घरी. तिथे देवदत्त. श्रीमंत, पुस्तकांत बुडालेला, आतून धुमसणारा, आणि मैत्रिणीचा नवरा! आपल्या आंबेगाव तालुक्यात असं काही घडलं असतं तर तिसऱ्या दिवशी दूध घालायला आलेल्या बाईनं दारातच विचारलं असतं, ‘पाहुणीबाई किती दिवस हायेत म्हणं?’ विलासपुरात असं विचारणारं कुणी नाही. माणसं प्रेमात पडतात, दुःखात पडतात, आणि लगेच जीवनावर बोलायला लागतात. नंदाचे वडील बोलतात तसंच देवदत्त बोलतो, आणि एकटी असली की नंदाही तसंच बोलते. संवादांपुढची नावं झाकून वाच, कोण बोलतंय ते ओळखू येत नाही. सगळीकडे खांडेकरच.

‘ययाति’ ‘अमृतवेल’च्या आधी आठ वर्षं, 1959ची. तिथे ययाति, देवयानी, शर्मिष्ठा आपापली बाजू आपणच सांगतात. देवयानीचं ऐकताना तिचा राग रास्त वाटतो, शर्मिष्ठा बोलायला लागली की तोच राग नुसता हेका दिसतो. एकाचं बोलणं दुसरा खोडून काढतो आणि आपण मध्ये सापडतो. कच तेवढा सुभाषितं बोलतो, पण तीन भांडखोरांत एक उपदेशक खपून जातो. ‘अमृतवेल’मध्ये सगळेच कच.

परवा मुद्दाम वाचनालयातून ‘अमृतवेल’ काढून आणली. तीन रंगांच्या शाईनं अधोरेखित केलेली प्रत आहे. निळी, लाल, आणि कुणाची तरी हिरवी. मोडलेल्या स्वप्नांवरच्या परिच्छेदाखाली तर तिन्ही रेघा एकमेकींवर चढल्यात, समासात उद्गारचिन्हंसुद्धा. पण नंदा आणि देवदत्त एका खोलीत आहेत, कुणीतरी काहीतरी लपवतंय, अशा पानांवर एक टिंब नाही. तिथली ‘ययाति’ उघडून पाहिली. तिच्यात रेघा कमी, पण शर्मिष्ठेची पानं शिवणीतून सुटून आलीत. कुठली कादंबरी वाचली गेली आणि कुठली उतरवून घेतली गेली, ते मला तिथेच कळलं.

आता मी मावशी, तेव्हा मावशीसारखी आडवी येणारच. नारायणगावला, तमासगीर विठाबाईंच्या गावात, पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे लोक जत्रेची सुपारी द्यायला येतात, हे तुला माहीत आहे. तमाशातली गौळण नीट पाहिलीस का कधी? गवळणी मथुरेच्या बाजाराला निघतात, कृष्ण आणि पेंद्या वाट अडवतात, आणि मध्ये उभी असते मावशी. बहुधा लुगडं नेसलेला पुरुषच. कृष्णानं जरा गोड बोलायला सुरुवात केली की ही त्याचं बोलणं मध्येच तोडते. लोक हसतात, आणि तेवढ्यात ते प्रेम खरं वाटायला लागतं. विलासपूरच्या वाड्यात अशी एक बाई असती तर अर्धी कादंबरी तरली असती.

प्रेमाच्या गोष्टीत ऐकणारं कुणीतरी मध्ये उभं करायची ही चाल आपल्याकडे फार जुनी आहे. नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे ना, यज्ञ किती केले, गाई किती दिल्या, याचा हिशेब, त्याच सातवाहनांच्या घराण्यातल्या हालाच्या नावावर गाथासप्तशती आहे. माहाराष्ट्री प्राकृतातल्या सातशेच्या आसपास गाथा, बऱ्याचशा प्रेमाच्या, आणि त्यांतल्या कितीतरी बाईच्या तोंडच्या. ती बाई हवेत बोलत नाही. सखीला सांगते, मामीला सांगते, सासूला ऐकू जाईल अशा बेतानं वाटसरूला सांगते. ऐकणारं माणूस समोर असतं, त्यामुळे दोन ओळींत लबाडी, लाज, भीती सगळं येतं. स. आ. जोगळेकरांनी 1956 साली ती मराठी अर्थासह संपादित केली. जाडजूड ग्रंथ आहे, पण मधूनच कुठेही उघडून वाचता येतो.

खांडेकरांच्या बाजूनं एक सांगायला हवं. त्या काळी पोरीच्या हातात प्रेमकथा दिसली की घरात पंचाईत व्हायची. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ 1962च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली, तर अश्लीलतेचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. 1969 साली काकोडकर सुटले. अशा दिवसांत काकोडकर उशीखाली आणि खांडेकर टेबलावर. ‘अमृतवेल’ बापानं लेकीला वाढदिवसाला द्यावी अशी प्रेमकथा होती, आणि तिच्यातली सुभाषितं हाच तिचा घरात शिरण्याचा परवाना होता. म्हणून तर कित्येक मुलींना निदान ‘प्रेम’ हा विषय उघडपणे वाचता आला. हे मोठंच काम झालं. पण तुझ्यावर कुणाची पाळत नाही, तुला तो परवाना कशाला लागतोय? परवाना काढून टाकला की खाली उरते ती गोष्ट, आणि ती गोष्ट लेखकानं मनापासून लिहिलेली नाही, असं माझं मत.

खांडेकर सोडू नकोस मात्र. एका पुस्तकावरून माणूस बाद करायचा नसतो. ‘उल्का’ वाच, ती 1934ची आहे, आणि वाचताना पेन जवळ ठेवू नकोस. दिवाळीच्या सुट्टीत इकडे ये, नाणेघाटात जाऊ, जोगळेकरांचा ग्रंथ मी तोवर मिळवून ठेवते. आणि ‘अमृतवेल’बद्दल माझं म्हणणं पटलं नाही तर स्पष्ट लिही, उगाच ‘मावशी म्हणते म्हणून’ असलं काही नको.

तुझी,
मावशी