धुऱ्यावरची फुलपाखरं

पोळा फुटला की वावरात फेरी मारायची खरी मजा. निंदण-डवरण आटोपलेलं असतं, पऱ्हाटी कमरेला लागलेली असते आणि धुऱ्यानं हळू चालायला माणसाला उसंत मिळते. या दिवसांत फुलपाखरं पाहायची तर भल्या पहाटे जाऊन उपयोग नाही. ऊन लागून पंख गरम झाल्याशिवाय ती उडत नाहीत. नऊ-दहाला निघावं.

यंदा नात सोबत होती. शहरातली पोर, ती फुलंच शोधत होती. मी म्हटलं, बाई, फुलावर ते जेवायला येतं, त्याची लेकरं पाहायची तर पान उलटं करून पाहा. तरोट्यावर पिवळी, पांढरट फुलपाखरं घिरट्या घालत होती. पहिल्या पावसानंतर आपण ज्याची कोवळी भाजी खातो तोच हा तरोटा. तो निबर झाला की आपण त्याला विसरतो, या पिवळ्या मंडळींच्या अळ्या मात्र त्याच्यावरच वाढतात. पुढं रुई लागली. तिच्या पानाखाली काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी सापडली. रुईचा चीक विषारी, पण ही तो खाऊन पचवते. तिचं नारिंगी फुलपाखरू झालं तरी पक्षी सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. म्हणून ते उडतंही कसं, गावच्या पाटलासारखं, सावकाश!

“आबाजी, अन् हे काऊन मेले?” पोरीनं कपाशीतल्या कामगंध सापळ्याकडं बोट दाखवलं. थैलीत चार करडे पतंग होते, तांदळाच्या दाण्याएवढे. फुलपाखराचेच भाऊबंद, पण रात्रीचे. सापळ्यात मादीच्या वासाची गोळी असते, त्या वासानं नर येऊन अडकतात. लागोपाठ तीन रात्री आठ-आठ सापडले की फवारणीचं पाहायचं, असा हिशेब. ही शेंदरी बोंडअळीची जात. 2017 साली हिनं आमच्याकडं काय केलं ते कापूसवाल्याला सांगायला नको. वरून बोंड हिरवंगार, फोडलं की सरकी खाल्लेली आणि कापसाची कवडी. तेव्हा प्रत्येक पाखरावर माया करा, असं मी म्हणणार नाही. सकाळी थैलीतले पतंग मोजताना मला वाईट वाटत नाही.

पण धुरा वेगळा. तो निम्मा माझा, निम्मा शेजाऱ्याचा, आणि त्याला त्यावर तणनाशक मारायचं आहे. त्याचंही खरं आहे, मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत. “काका, पाखरं पोसाले धुरा ठेवता का?” म्हणाला. मी म्हटलं, पेठारी अन् रानभेंडीत कपाशीच्या किडी आसरा घेतात, ती मी हातानं उपटतो. गाजरगवतही काढतो. रुईनं अन् तरोट्यानं तुझं काय वाकडं केलं? औषध मारलं की निवड राहत नाही बापा, सगळंच जळते.

“माझ्या बाजूचं कोण उपटन?”

“तेही मीच उपटतो. तू दिवाळीपर्यंत थांब.”

तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. आज सकाळपर्यंत तरी त्याचा पंप कोठ्यात खुंटीलाच टांगलेला होता.