द्राक्षमळ्याच्या जागीं

गंगापूर रस्त्यालगत आमचा द्राक्षमळा होता. तो आम्हीं विकला, तेव्हां हातीं आलेली रक्कम पाहून आपण श्रीमंत झालों असेंच आम्हांस वाटलें. आज त्याच मातीवर सात मजली इमारत उभी आहे, आणि तींत दोन खोल्या घ्यावयाच्या तर आम्हांस कर्ज काढावें लागेल!

असें कां व्हावें? २००१ सालीं नाशिक शहराची लोकसंख्या सुमारें १० लक्ष ७७ हजार होती. २०११ च्या शिरगणतींत ती १४ लक्ष ८६ हजारांवर गेली. सातपूर-अंबडचे कारखाने माणसें ओढून आणतात. जमीन मात्र तसूभरही वाढत नाहीं. शेत बिनशेती झालें, रस्ता व नळ आला, कीं भाव चढतो. हा लाभ ज्यास थांबणें परवडतें त्याचा. आम्हांस बहिणीच्या लग्नाची घाई होती. आम्हीं मोल घेतलें तें मातीचें, येणाऱ्या शहराचें नव्हे.

शिवाय सगळींच घरें राहण्यासाठीं घेतलेलीं नसतात. दिवेलागणीस त्या इमारतीकडे पाहावें, तों कित्येक खिडक्या अंधाऱ्याच. उद्यां भाव वाढेल या आशेनें घेऊन कुलूप लावलेलीं तीं घरें! आई मात्र त्या बाजूनें जातांना आमची विहीर कोठें होती तें अजून बोटानें दाखविते.