दोन डोळ्यांची नीळ

आई आमच्याकडे कायमची राहायला आली तेव्हा आमच्या पुण्यातल्या फ्लॅटच्या सगळ्या भिंती एकाच रंगाच्या होत्या. पांढरा म्हणावा तर पांढरा नाही, पिवळट म्हणावा तर तोही नाही. शेडकार्डावर त्याला शिंपल्यावरून काहीतरी गोड नाव होतं. आम्ही त्याला ‘ऑफव्हाइट’ म्हणायचो. घर घेतलं तेव्हा तोच होता आणि पुढे दोनदा रंगकाम काढलं तेव्हा आम्हीच तो पुन्हा निवडला. कारणं तयार असायची. खोली मोठी दिसते, उजेड राहतो, डोळ्यांवर येत नाही. शेवटचं कारण नवऱ्याचं: उद्या विकायचं झालं तर घेणाऱ्याची अडचण नको. म्हणजे १५ वर्षं आम्ही कधीच न आलेल्या एका गिऱ्हाइकाच्या आवडीच्या घरात राहत होतो. तेव्हा मात्र हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

बाबा गेल्यावर आई वर्षभर राजापूरकडच्या घरात एकटी राहिली. मी एकुलती एक. शेवटी तिसऱ्या पावसाळी तापानंतर तिला घेऊन आले. ती आली, पण उतरली नाही. कपडे बॅगेतच ठेवायची. टॉवेल खुर्चीवर वाळत घालायची, दोरीवर जागा असूनही. बोलताना ‘तुमच्याकडे’ म्हणायची. “तुमच्याकडे चहा किती वाजता असतो?” “तुमच्याकडे देवाला फुलं कोण आणतं?” लेकीच्या घरी राहायचं ते पाहुणीसारखं, हे तिच्या हाडात होतं. मी दोन-तीनदा चिडले, मग सोडून दिलं.

हळूहळू ती भिंतीला हात लावून चालायला लागली. न्हाणीघराचं दार भिंतीच्याच रंगाचं, त्यामुळे रात्री ते चाचपडत शोधायची. पांढऱ्या ताटलीतला दहीभात तिला नीट दिसायचा नाही. बोटांनी अंदाज घेत जेवायची. आम्हाला वाटलं, वय झालं. मग एका संध्याकाळी ती पडली. हॉल आणि गच्चीच्या मधे चार बोटांची पायरी आहे आणि दोन्हीकडे तीच पांढरी फरशी. तिला ती सपाट जमीन वाटली. उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, आणि दुसऱ्या डॉक्टरांनी डोळे तपासून सांगितलं की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू चांगलाच पिकलाय. हात बरा होऊन साखर ताब्यात आली की एकेक डोळा करू. म्हणजे निदान तीन महिने.

माझी एक मैत्रीण आर्किटेक्ट आहे. ती आईला बघायला आली आणि आईपेक्षा घराकडेच जास्त बघत बसली. “तुमचं घर तिला दिसतच नाहीये,” म्हणाली. मग तिने समजावलं. प्रत्येक रंग किती उजेड परतवतो याचा एक आकडा असतो, काळ्याचा शून्य आणि शुभ्राचा शंभर धरून. भिंत आणि दार यांच्या आकड्यांत निदान ३० चा फरक असावा, असं ब्रिटनमधलं इमारतींचं मानक सांगतं, म्हणजे अधू नजरेच्या माणसालाही दार कुठे आहे ते कळतं. आमच्या घरात तो फरक जवळजवळ नव्हताच. जे आम्हाला शांत वाटत होतं, ते तिच्यासाठी धुकं होतं.

दुसऱ्याच दिवशी मी पायरीच्या कडेला लाल पट्टी चिकटवली, स्टीलची ताटं काढली. न्हाणीघराच्या दाराला गेरूच्या जवळ जाणारा तांबडा रंग द्यायचा ठरवलं. रंगारी येणारच होता, म्हणून आईला म्हटलं, “तुझ्या खोलीला कुठला देऊ?”

“मला कशाला विचारतेस? त्यांना विचार,” म्हणजे माझ्या नवऱ्याला.

“खोली तुझी आहे.”

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “निळीचा.”

मला लगेच कळलं. आमचं घर जांभ्या चिऱ्याचं. गणपतीच्या आधी, श्रावणात चार दिवस उघडीप मिळाली की बाबा पिंपात चुनकळी भिजत घालायचे. पाणी ओतलं की पिंप रटरटायचं. आम्हा मुलांना ओटीवरून खाली उतरायची बंदी. दुसऱ्या दिवशी ती निवळी फडक्यातून गाळून त्यात थोडं मीठ, थोडा सरस, आणि शेवटी आईच्या हातची निळीची पुरचुंडी. ती फिरवण्याचं काम तिचंच. नुसता चुना वाळला की पिवळट दिसतो. निळीने तो पिवळेपणा मारला जातो आणि पांढरा खरा पांढरा वाटतो. पण आईचा हात जरा सैल. माजघराच्या भिंती पांढऱ्याच्या पलीकडे जाऊन किंचित निळ्या व्हायच्या आणि बाबा दरवर्षी म्हणायचे, “यंदाही आभाळ सांडलंस.” खाली हातभर उंचीचा गेरूचा पट्टा, कारण सारवताना शेणाचे शिंतोडे उडायचे. सजावट म्हणून आमच्याकडे कुणी काही केलं नव्हतं. जे होतं ते कशासाठी तरी होतं, आणि तरीही ते घर शंभरात ओळखू आलं असतं.

फ्लॅटच्या भिंतीवर चुना बसणार नव्हता. प्लॅस्टिक पेंटवर तो धरत नाही, पापुद्रे निघतात. त्याला पिणारी भिंत लागते. म्हणून शेडकार्डातूनच निळा शोधायचा होता. रंगाऱ्याने कोपऱ्यात वीतभर नमुना लावला. मला पाहताक्षणी वाटलं, हाच. फिकट, धुतलेल्या आभाळासारखा. आई भिंतीला नाक लावून उभी राहिली. “हा पांढराच आहे की रे.” त्याने एक घर गडद लावला. “अजून.” आणखी एक. “अजून थोडा.” पाचव्या नमुन्यापाशी तिचा चेहरा सैल झाला. “हां. ही आपली नीळ.”

तो मोराच्या मानेचा रंग होता. रंगाऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी नवऱ्याकडे. मला नाही म्हणायचं होतं. माझं घर, माझे पडदे, माझी इतक्या वर्षांची अभिरुची. नवराच म्हणाला, “आईंना हवाय तो द्या.” घेणाऱ्या गिऱ्हाइकाचा विषय त्याने काढला नाही.

भिंत झाल्यावर मी राजापूरला जाऊन तीन वस्तू आणल्या: तिच्या जुन्या लुगड्यांची गोधडी, कोनाड्यातला पितळी दिवा आणि दाराशेजारची सागवानी खुंटी, जिच्यावर बाबांची छत्री असायची. खुंटी ड्रिलने बसवावी लागली. आईने त्यावर आपला टॉवेल टांगला. बॅग त्याच आठवड्यात कपाटावर गेली.

मग उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढून घरी आणलं. आधी तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “अगं, तू एवढी पिकलीस कधी?” मग आपल्या हातांकडे. मग खोलीच्या दारात थबकली.

“अगंबाई! हा कुणी दिला रंग?”

“तूच.”

“मी? असला भडक?”

मी हसत हसत खाली बसले. डॉक्टरांना विचारलं तेव्हा उलगडा झाला. मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग पिवळट-तपकिरी होत जातं आणि नेमका निळा प्रकाश अडवतं. माणूस वर्षानुवर्षं पिवळ्या काचेतून जग बघतो आणि त्याला पत्ता नसतो. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचं असंच झालं होतं. १९२३ साली त्याच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, आणि मग त्याला सगळीकडे निळंच निळं दिसायला लागलं. हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “त्याने तरी स्वतःची भिंत बिघडवली नसेल.”

“पुन्हा रंगवून घेऊ?” मी विचारलं. खरं तर आशेने.

ती उत्तर देईना. त्या दिवसांत तिला एक नवा चाळा लागला. पलंगावर बसून एक डोळा हाताने झाकायचा, मग दुसरा. एकदा मी दारातून बघत असताना तिने मलाच बोलावलं. “ह्या डोळ्याने बघितलं की तुझी भिंत दिसते. आणि ह्या, राहिलेल्या डोळ्याने बघितलं की आपलं माजघर.”

दुसऱ्या डोळ्याची तारीख महिन्याने होती. ती दोनदा पुढे ढकलावी लागली. एकदा साखर वाढली म्हणून, एकदा तिला बरं वाटत नव्हतं म्हणून. तिसऱ्यांदा तिला काहीच झालेलं नव्हतं. “राहू दे ना थोडे दिवस,” एवढंच म्हणाली. मी तिच्यावर ओरडले. पायरीची आठवण करून दिली, मनगटाची. तिने सगळं ऐकून घेतलं. मग मला कळलं की मी तिला काय द्यायला सांगत होते. मीही जरा वेळ तिच्याशेजारी बसून राहिले.

पंधरा दिवसांनी तीच म्हणाली, “घे तारीख.” आदल्या रात्री तिच्या खोलीतला दिवा बराच वेळ चालू होता.

आता दोन्ही डोळ्यांना भिंत मोरपिशीच दिसते. मी पुन्हा एकदा रंगाचं विचारलं, तर म्हणाली, “नको. एवढी भडक आहे तर असू दे. बाबा असते तर म्हणाले असते, सगळं आभाळ एकाच भिंतीवर ओतलंस.” फक्त खाली हातभर गेरूचा पट्टा मारून घेतला तिने. सारवण नाही, शिंतोडे नाहीत, तरीही. “त्याशिवाय भिंत अधांतरी वाटते.”

परवा सकाळी ती स्वयंपाकघरात चहा घेत उभी होती. वर बघितलं, पंख्यावरची धूळ दाखवली, मग चारी भिंतींवरून नजर फिरवली.

“आपलं हे स्वयंपाकघर दवाखान्यासारखं का ग आहे?”

शेडकार्ड कुठल्या खणात ठेवलंय ते मी आता शोधतेय.