खिडकीतली उशी

घर ताब्यात आलं तेव्हा पार रिकामं होतं. छतातून वायरी लोंबत होत्या, स्वयंपाकघरात शेगडीच्या जागी भिंतीवर तेलकट चौकोन उरला होता. फक्त रस्त्याकडच्या खिडकीत एक उशी राहिली होती. खिडकीच्या रुंदीएवढी लांब, वीतभर रुंद, चांगली दडस, वरचा अभ्रा विटक्या हिरव्या रंगाचा. "आई, ती टाकायचीय, हात नको लावूस," लेक म्हणाली. तोवर मी ती उचलून मांडीवर घेतली होती.

व्हिएन्नातल्या जुन्या घरांना खिडक्या दुहेरी असतात. एक बाहेरची, एक आतली, मध्ये वीतभर पोकळी. अशा खिडकीला तिथे 'कास्टनफेन्स्टर' म्हणतात, म्हणजे पेटीखिडकी. हिवाळ्यात फटीतून शिरणारा वारा अडवायला त्या पोकळीत अशी उशी ठेवायची. उन्हाळ्यात तीच उशी चौकटीवर टाकायची, कोपरं टेकायची आणि खालचा रस्ता बघत राहायचं. या उशीला हातभर अंतरावर दोन खळगे पडले होते. आधी इथे एक आजी राहायच्या एवढं शेजारणीने सांगितलं होतं. किती संध्याकाळी लागल्या असतील ते खळगे पडायला!

लेकीने मला बोलावलं होतं ते घराची 'स्टाइल' ठरवायला. तिच्या फोनमध्ये चित्रांचा ढीग होता. स्कँडिनेव्हियन, इंडस्ट्रियल, जपान्डी. प्रत्येक चित्रात तीच ऊन पडलेली बैठक आणि तीच एकुलती एक फांदी काचेच्या भांड्यात. माणूस कुठेच नाही. भिंतीवर तिने पांढऱ्या रंगाचे चार पट्टे मारून ठेवले होते. त्यातला चौथा, किंचित सायीकडे झुकणारा, मला आवडला. करडा रंग मला घरात सोसत नाही, हे मी तिला आधीच सांगून टाकलं.

घर ओटाक्रिंगमध्ये, म्हणजे शहराच्या सोळाव्या विभागात. कारखाने वाढले, बोहेमिया-मोराव्हियातून माणसं कामाला आली, त्यांना भाड्याने देण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्या इमारती उभ्या राहिल्या त्यातली ही एक. खोल्या उंच, जमिनीला माशाच्या काट्यासारखी जुळवलेली लाकडी पट्ट्यांची फरशी. मी मात्र घरापेक्षा दाराबाहेरच जास्त रमले. जिन्यापाशी भिंतीत ओतीव लोखंडाची छोटीशी कुंडी बसवलेली आहे आणि तिच्यावर नळ. हिचं नाव बासेना. मजल्यावरच्या साऱ्या बिऱ्हाडांनी याच नळावरून पाणी भरायचं. संडासही बाहेर, सामाईक. नळापाशी रंगणाऱ्या गप्पांना व्हिएन्नाच्या बोलीत 'बासेनाट्राच' असा स्वतंत्र शब्द आहे. काही इमारतींत मागच्या चौकाच्या बाजूने लांब उघड्या गॅलऱ्याही आहेत आणि सगळी दारं गॅलरीत उघडतात. मी गिरगावातल्या चाळीत वाढले. मला कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती. त्या कुंडीच्या कडेवर मी हात ठेवला, तर जिथे बादली टेकते तिथे लोखंड गुळगुळीत झालेलं होतं.

व्हिएन्ना हे शहर घर सजवण्यावरून हिरिरीने भांडलेलं आहे. आडोल्फ लोस या वास्तुविशारदाने राजवाड्यासमोर मिखाएलरप्लाट्झवर 1911 साली पूर्ण केलेल्या इमारतीला खिडक्यांवर नक्षीच नव्हती, म्हणून लोक तिला भुवया नसलेलं घर म्हणायचे. शेवटी खिडक्यांत फुलांच्या कुंड्या बसवून तोड काढावी लागली. पण मला लोस आठवतो तो त्याने 1900 साली लिहिलेल्या एका गोष्टीमुळे. एका श्रीमंत माणसाने आपलं अख्खं घर कलावंत वास्तुविशारदाकडून सजवून घेतलं. राखदाणीपासून दिव्याच्या बटणापर्यंत सगळं ठरलेलं. एक दिवस तो सपाता घालून दिवाणखान्यात आला, तर वास्तुविशारद भडकला, कारण त्या सपाता त्याने शयनगृहासाठी काढल्या होत्या. वाढदिवसाला बायको-मुलांनी दिलेल्या भेटीही त्या घरात ठेवायची सोय उरली नव्हती. ही गोष्ट मी लेकीला रात्री जेवताना सांगितली. ती हसली नाही. फोन उलटा करून ठेवला तिने.

तिला मी वास्तुविशारद योझेफ फ्रांकबद्दलही सांगितलं. मला तो लोसपेक्षा जवळचा वाटतो. 1925 साली त्याने एका मित्राबरोबर व्हिएन्नात 'हाउस उंड गार्टन' नावाचं दुकान काढलं. भिंती पांढऱ्या ठेवा, पडदे-आच्छादनं मात्र पानाफुलांनी भरू द्या, कपाटांना पाय असू द्या म्हणजे जमीन कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते ते नजरेला दिसत राहील, असं त्याचं म्हणणं. नक्षीने मन शांत होतं, असं त्याला वाटे, आणि मलाही वाटतं. तो ज्यू. हवा फिरलेली ओळखून 1933 च्या अखेरीस बायकोच्या देशात, स्वीडनला गेला. युद्धाच्या काळात तिथूनही न्यूयॉर्कला. स्टॉकहोममध्ये 'स्वेन्स्क्ट टेन' हे दुकान चालवणारी एस्ट्रिड एरिकसन 1944 साली पन्नाशीची झाली, तेव्हा त्याने तिला न्यूयॉर्कहून पन्नास नव्या नक्ष्या पाठवल्या. दोन देश सुटलेला, साठीला आलेला माणूस टेबलाशी बसून फुलं काढतो आहे, वेली, पक्षी, कधी न पाहिलेली झाडं. 1958 साली त्याने लिहिलं की आपला भोवताल योगायोगाने जुळून आल्यासारखा असावा. व्हिएन्नात राहायला तो परत आला नाही.

त्याच्या कापडावरचं एक झाड बघताना मला सारखी आपली जुनी छीट आठवत राहिली. एकाच खोडावर नाना जातींची फुलं-फळं लगडलेला तो जीवनवृक्ष, मच्छलीपट्टणच्या किनाऱ्यावरून जहाजांनी युरोपात गेलेला. दुसऱ्या दिवशी आम्ही शोनब्रुन राजवाडा बघायला गेलो, ते डोक्यात हे झाड घेऊनच.

तिथे एक खोली आहे, तिला दशलक्षांची खोली म्हणतात. राणी मारिया तेरेझियाच्या काळातली. भिंती मौल्यवान लाकडाने मढवलेल्या, आणि त्या लाकडात सोनेरी, वेलबुट्टीच्या वाकड्यातिकड्या चौकटी. त्या चौकटींत काय असावं? मुघल दरबारची चित्रं. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या बादशहांच्या आयुष्यातले प्रसंग, कागदावरची लघुचित्रं. चौकटी आधी ठरल्या होत्या, गोल, लंबुळक्या, पानासारख्या. चित्रं होती पोथीच्या पानाएवढी, चौकोनी. मग राजघराण्यातल्या माणसांनी हाती कात्री घेतली. चित्रं कापली, इकडचा तुकडा तिकडे जोडला, आणि चौकटीच्या आकारात नवं चित्र जुळवलं.

हे वाचल्यावर मला तिथून हलवेना. एकेका चित्रासाठी खारीच्या शेपटीच्या केसांचे कुंचले, महिनोन्‌महिने दगडावर घोटलेले रंग. एकाने रेखाटायचं, दुसऱ्याने रंगवायचं, चेहरे काढणारा कधी तिसराच. अशी चित्रं मांडीवर ठेवून बघायची असतात, नाकापासून वीतभर अंतरावर, पान उलटत. इथे ती डोक्याच्या वर चढवलेली. राग येत होता, आणि ती खोली अतिशय सुंदर होती, हेही खरं. लाकडाचा तो गडद मधाचा रंग, त्यात आपले ते निळे-केशरी ठिपके. कापणाऱ्यांनीही जीव लावूनच कापलं असणार. दुपारच्या दुपार बसून, जिभेचं टोक दातांत धरून, हा घोडा या बागेत शोभेल का, असं एकमेकांना विचारत. त्यांना घर सजवायचं होतं. घोड्यावर कोण बसलंय, कुठल्या स्वारीवर निघालाय, हे त्यांना कुणी सांगितलं असेल?

"आई, पुढचा ग्रुप येतोय," लेक म्हणाली. मी म्हटलं, थांब जरा. एका चौकटीत मी सांधा शोधत होते. एका चित्राचं आकाश कुठे संपलं आणि दुसऱ्याचं कुठे लागलं, ते काही केल्या सापडत नव्हतं. मग तीही माझ्या शेजारी उभी राहून, मान वर करून, शोधायला लागली.